कलास्वादाचा वर्ग आणि अण्णांची तसबीर

कलास्वाद हा विषय मी घेतला तो केवळ गृहविज्ञान टाळायला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रत्येकीला एक जादा विषय घ्यावा लागे, आणि गृहविज्ञानाच्या बाई पहिल्याच तासाला मुलींकडून भेंडी चिरून घेतात अशी बातमी होती. भेंडी मी घरी चिरतच होते. ‘आर्ट एप्रिसिएशन’ या भारदस्त नावाखाली निदान पंख्याच्या वाऱ्यात बसून चित्रं तरी बघायला मिळतील, म्हणून मी तिकडे वळले. बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. “म्हणजे शिकवणार काय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “चित्र कसं बघायचं ते.” बाबांनी ताकाची वाटी खाली ठेवली. “डोळ्यांनी बघायचं, नंदे. त्याला कॉलेज कशाला लागतं?” बाबा एका संशोधन संस्थेत शेवाळावर काम करत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस. बघण्याच्या बाबतीत कुणी कुणाला काही शिकवावं, हेच त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

आम्ही मूळचे वाईचे, पण माझा जन्म लखनौचा. आडनाव जोगळेकर. लखनौमध्ये ‘ळ’ कुणाच्याच जिभेवर बसत नसे, त्यामुळे आम्ही ‘जोगलेकर’ झालो होतो, आणि कोपऱ्यावरचा दूधवाला बाबांना रोज न चुकता विचारी, “जोग लेकर कहाँ जाइएगा, साहब?” बाबा रोज न चुकता हसत. गोमती नगरात आमचं घर नवीनच बांधलेलं होतं. आज तिथे मॉलच्या काचांत ऊन चमकतं आणि रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागतो. तेव्हा मात्र आमच्या घरापुढे नुसते आखलेले प्लॉट होते, त्यांत गवत आणि गवतात म्हशी. दुपारी लोखंडी कूलर घरघरत असे, वीज गेली की तो खोकल्यासारखा आवाज करून थांबे, आणि मग दूरवरच्या बांधकामावर विटा उतरवल्याचे आवाज ऐकू येत. आई स्वयंपाकघरातून ओरडे, “गेली का गं लाइट?” जणू काही ती कुणी शेजारीण होती.

बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, आमच्या आजोबांची मोठी तैलरंगातली तसबीर होती. आजोबांना, म्हणजे अण्णांना, आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. खरं तर बाबांनीही पाहिलं नव्हतं म्हटलं तरी चालेल, कारण अण्णा तापानं गेले तेव्हा बाबा अगदी लहान होते. त्यांना आठवत असे ते एवढंच, की कुणाच्या तरी खांद्यावर बसून आपण कृष्णेचं पाणी बघितलं होतं. मी प्राथमिक शाळेत असताना बाबांच्या थोरल्या बहिणीनं, आक्काआत्यानं, वाईहून अण्णांचा एक फोटो पाठवला. फोटो कसला, बुरशीनं खाल्लेला तुकडा होता, आणि त्यात चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मिशा. बाबा तो घेऊन तडक अमीनाबादेतल्या एका पेंटरकडे गेले. तसबीर तयार झाली तेव्हा ती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून सायकलरिक्षातून घरी आली. मूळ फोटोचं विचारलं तर पेंटर म्हणाला होता, “साहब, वो तो काम में खप गया.”

कागद सोडल्यावर आई काही वेळ बघत राहिली. चित्रातल्या गृहस्थांचे गाल भरलेले होते, टोपी ऐटदार होती, आणि मिशीखाली हसू दाबून धरलेलं होतं. “चेहरा प्रेमळ आहे हो,” आई म्हणाली, “पण अण्णा तिशीतच गेले ना? हे तर पन्नाशीचे वाटतात.” बाबा म्हणाले, “फोटो जुना होता. जुन्या फोटोत माणसं वयस्कर दिसतात.” एका शास्त्रज्ञाच्या तोंडचं हे वाक्य आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. पुढे आक्काआत्या राहायला आली, तिनं चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून बघितलं आणि विचारलं, “हे कोण?” बाबांचा चेहरा असा काही उतरला, की तिनं लगेच डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “मोतीबिंदू झालाय रे मला. अण्णाच ते.” मग ती मनापासून रडलीसुद्धा. त्यानंतर कुणी शंका काढली नाही. चंदनाच्या पातळ चकत्यांचा हार आणला गेला. बाबा रोज आंघोळ करून सहाणेवर गंध उगाळत, स्टुलावर चढून ते तसबिरीच्या कपाळाला लावत, आणि मग खाली उतरून दोन मिनिटं हात जोडून उभे राहत. तेव्हा ते मनातल्या मनात त्यांना काहीतरी सांगत असत. बढतीच्या वेळी, घर बांधायला काढलं तेव्हा, माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा बराच वेळ उभे होते. त्यानंतर त्यांचा चेहरा नेहमी मोकळा असे. वरून होकार मिळाल्यासारखा.

कलास्वाद शिकवायला निगम सर होते. निवृत्तीला टेकलेले, पांढरीशुभ्र पँट, आणि बोलताना समोरच्या हवेतली धूळ हलक्या हातानं बाजूला करावी तशी बोटं हलवण्याची सवय. पहिल्या दिवशी त्यांनी प्रोजेक्टर लावला, खोलीच्या खिडक्यांवर काळे पडदे ओढायला लावले, आणि बटण दाबताच फट् असा आवाज होऊन आतला दिवा उडाला. नवीन दिवा दिल्लीहून यायचा होता. तो आला नाही. सर डगमगले नाहीत. ते अंधारात उभे राहून पांढऱ्या पडद्यावर छडी फिरवत चित्रांचं वर्णन करू लागले. “यहाँ नीचे, बाईं ओर, एक कुत्ता है. देख रही हैं आप लोग?” आम्ही म्हणायचो, “जी सर.” “कैसा है?” “उदास है, सर.” “शाबाश.” काही आठवड्यांत आम्ही इतक्या तयार झालो, की एकदा सर चुकून म्हणाले, कुत्रा उजवीकडे आहे, तर मागच्या बाकावरून कुणीतरी त्यांना दुरुस्त केलं.

पण सरांचं स्वतःचंच समाधान होईना. त्यांनी पडदे काढून टाकले आणि आम्हाला खऱ्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. कॉलेजची पाण्याची टाकी. कॅन्टीनमधला समोसा, ज्याचं रेषेच्या दृष्टीनं विवेचन चालू असताना तो कुणीतरी खाल्ला. नियम एकच: “पहले देखिए. नाम बाद में. नाम आते ही आदमी देखना बंद कर देता है.” आणि मग हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं, की संग्रहालयाच्या सहलीला कॉलेज बस देत नाही, तेव्हा आपण एकमेकींच्या घरी जाऊ, प्रत्येक घरात भिंत असते आणि प्रत्येक भिंतीवर काहीतरी असतंच. पहिली भिंत कुणाची? माझ्या शेजारणीनं माझं कोपर धरून माझा हात वर केला.

त्या दिवशी आईनं सकाळपासून कोथिंबीर वडीचे उंडे वाफवले. बाबांनी रजा घेतली, हार पुसला, तसबिरीवर नवीन ट्यूबलाइट लावली. सगळा वर्ग बैठकीत सतरंजीवर बसला, सर सोफ्याला पाठ करून उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, “जोगलेकर साहब, आपसे एक निवेदन है. आप बताइएगा नहीं कि ये कौन हैं.” बाबांनी मान हलवली, पण त्यांना ते जड जात होतं. मुली बोलू लागल्या. एक म्हणाली, “इनको मीठा बहुत पसंद है.” बाबांचा चेहरा उजळला. “हाँ! श्रीखंड!” ते म्हणाले, आणि सरांनी बोट ओठांवर ठेवलं. दुसरी म्हणाली, “ये किसी बात पर हँसी रोके हुए हैं.” तिसरी म्हणाली, “टोपी मख़मल की है.” बाबांना राहवलं नाही. “नहीं, नहीं, मख़मल नहीं. हमारी तरफ़ ऐसी ही टोपी होती है.”

शाहीन उशिरा आली. ती मलिहाबादची, कॉलेजसाठी शहरात मावशीकडे राहायची, आणि गोमती नगर तिला कधीच सापडत नसे. आईनं दारातच तिच्या हातात वड्यांची बशी दिली. ती बशी घेऊन आत आली, भिंतीकडे पाहिलं, आणि जागच्या जागी थांबली. तिची नजर चेहऱ्यावरून चंदनाच्या हारावर गेली. बशी हातातून निसटली, वड्या सतरंजीभर पसरल्या. “हाय अल्लाह,” ती म्हणाली, “बड़े अब्बा को क्या हो गया?” आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

कुणाला काही कळेना. सर हळूच म्हणाले, “बेटी, नाम नहीं. सिर्फ़ देखिए.” शाहीन आणखीच जोरात रडू लागली. आई पाणी घेऊन धावली. शाहीन हुंदक्यांमधून सांगत होती, की हे आमचे बड़े अब्बा, अब्बूंचे थोरले भाऊ, रविवारी तर मी त्यांना भेटून आले, रविवारी ते चांगले होते, आचाऱ्याला शीरमालच्या रोट्या करपवल्या म्हणून रागावत होते, आणि मला कुणी सांगितलंही नाही, आणि तुमच्याकडे हार कसा? बाबा अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, “बेटा, आपको ग़लतफ़हमी हुई है. ये हमारे पिताजी हैं. बहुत पहले गुज़र गए.” शाहीननं नाक पुसलं, बाबांकडे बघितलं, मग तसबिरीकडे. तिचं रडू थांबलं, आणि त्या जागी दुसरंच काही आलं. “अंकल,” ती म्हणाली, “हार ज़रा हटाइए. गर्दन पर, बाईं तरफ़, मस्सा है.”

बाबा स्टुलावर चढले. कूलरवर बसलेल्या चिमणीची नखं वाजली. बाबांनी हार बाजूला केला. मस होता. मला तो चांगला माहीत होता. रंगाचा थेंब उडालाय असं समजून बाबांनी तो कित्येकदा ओल्या फडक्यानं पुसून बघितला होता. ते स्टुलावरच उभे राहिले, हाराचं एक टोक हातात. शेवटी निगम सर घसा खाकरून म्हणाले, “आज का पाठ हम यहीं समाप्त करते हैं,” आणि खाली वाकून त्यांनी सतरंजीवरची एक वडी उचलली.

परीक्षेचं इथेच सांगून टाकते. प्रश्नपत्रिकेत ‘आपण पाहिलेल्या कोणत्याही एका चित्राचं रसग्रहण करा’ असा प्रश्न आला. आमच्या वर्गानं संपूर्ण वर्षात पाहिलेलं चित्र एकच होतं. बाहेरच्या परीक्षकांना एका कॉलेजातून मखमली टोपीवाल्या गृहस्थांवर गठ्ठाभर निबंध आले, आणि ते म्हणे निगम सरांना विचारत होते, हा चित्रकार कोण, आम्ही याचं नाव कसं ऐकलं नाही. मला बऱ्यापैकी गुण मिळाले.

घरात मात्र त्या संध्याकाळी वेगळंच वातावरण होतं. पेंटरनं दोन गिऱ्हाइकांच्या तसबिरींची अदलाबदल केली होती, हे उघड होतं. आईला हसू आवरत नव्हतं. ती पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबे आणि पदरात तोंड लपवी. “अहो, पक्षाला दर वर्षी मी जिवंत माणसापुढे पान मांडलं. खीर, वडे, सगळं. त्यांना काही होत नसेल ना?” दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सवयीनं गंध उगाळून बैठकीत आले, वाटी हातात धरून स्टुलापाशी थांबले, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी ते स्वतःच्या कपाळाला लावलं. मग ते माझ्याशी, पण माझ्याकडे न बघता बोलले. “फोटो त्यानं खपवला, नंदे. अण्णांचं जगात दुसरं काही नाही. असेल तर तिथे.” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की यात हसण्यासारखं सगळंच नव्हतं. त्या दुसऱ्या घरच्यांनी चुकीची तसबीर केव्हाच फेकून दिली असेल तर? आपल्या घरात कोण भलताच माणूस आला म्हणून कुणी ती अडगळीत टाकली असेल, भंगारवाल्याला दिली असेल. शाहीनला विचारलं तर ती म्हणाली, बैठकीत एक तसबीर आहे, पण ती बड़े अब्बांचीच, तरुणपणची, असं आम्ही सगळे समजतो.

रविवारी टॅक्सी ठरवली. मागे आई, मी, शाहीन आणि मखमली टोपीवाले गृहस्थ, त्यांच्या आडून कसेबसे दिसणारे बाबा. पुढे निगम सर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते सकाळीच येऊन फाटकाशी उभे होते. “यह तो पाठ्यक्रम का ही हिस्सा है,” ते म्हणाले. फेब्रुवारीचे दिवस. मलिहाबादच्या अलीकडेच आंब्याच्या बागा सुरू झाल्या आणि मोहराचा वास काचा बंद असूनही आत आला. एरवी बाबांनी गाडी थांबवून एखाद्या खोडावरचं शेवाळ खरवडलं असतं. त्या दिवशी त्यांनी बाहेर पाहिलंही नाही.

शाहीनचे बड़े अब्बा, बड़े ख़ाँ साहब, दारात उभे होते. इतकी वर्षं ज्यांच्यापुढे मी परीक्षेला जाताना वाकले होते, ते शाल पांघरून, पान खात, समोर. मला एकदम त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं आणि मी पडलेसुद्धा. त्यांनी “जीती रहिए” म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि मग स्वतःच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. “माशाअल्लाह. तो हम ऐसे थे.” मग त्यांनी चित्राच्या कपाळावरचा पिवळा डाग बघितला. “और ये?” बाबा ओशाळून म्हणाले, “चंदन है जी. रोज़ लगाते थे. अब निकल नहीं रहा.” “रोज़?” ख़ाँ साहब म्हणाले. “घर में तो हमें कोई रोज़ सलाम भी नहीं करता.”

आत तख्ताच्या, म्हणजे लाकडी बैठकीच्या, वर ती तसबीर होती. फेकलेली नव्हती, अडगळीत नव्हती. फ्रेम पुसलेली, समोर फुलदाणी. ख़ाँ साहब बसून सांगू लागले, की मुलांनी मोठ्या हौसेनं त्यांचं चित्र करवून आणलं. कागद सोडला तर आत हे. सगळ्या घरानं वाहवा केली. बेगम तर म्हणाल्या, किती रुबाबदार. “आपने कहा नहीं कि ये आप नहीं हैं?” निगम सरांनी विचारलं. ख़ाँ साहबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “लड़के इतने शौक़ से लाए थे. और हमने सोचा, कलाकार ने हमें ऐसा ही देखा होगा.” सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं त्यांच्या सबंध नोकरीत त्यांना याहून चांगला विद्यार्थी मिळाला नसावा.

“मुश्किल बस माथे की थी,” ख़ाँ साहब पुढे म्हणाले. अण्णांच्या कपाळावरचं गोल गंध फोटोत काळपट आलेलं होतं, आणि पेंटरनं ते तसंच तपकिरी रंगवलं होतं. त्या घरात सगळे ते नमाजाचं निशाण समजले, वर्षानुवर्षं कपाळ टेकून पडतं तसलं. “आने-जाने वाले कहते, ख़ाँ साहब, आप तो नमाज़ के बड़े पाबंद निकले. अब तस्वीर में निशान, और हम जुमे की भी टाल जाते थे. शर्म आने लगी. आख़िर शुरू कर दी.” पडद्याजवळ उभ्या असलेल्या बेगम, शाहीनच्या बड़ी अम्मी, तिथूनच म्हणाल्या, “भाई साहब, आपकी अमानत है, ले जाइए. डर यही है कि ये फिर छोड़ न दें.” ख़ाँ साहब म्हणाले, “अब कहाँ छूटेगी, घुटनों को आदत पड़ गई.”

सगळे हसले. आईही हसली. बाबा नव्हते हसत. ते बोलणं ऐकतच नव्हते. ते तख्ताला वळसा घालून भिंतीपाशी गेले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून, शेवाळाचा तुकडा बघावा तसे, अगदी जवळून बघत होते. चित्रातला माणूस हडकुळा होता. मिशा पुरत्या भरल्या नव्हत्या. नाक आक्काआत्याचं, थेट. कोट खांद्यांवर सैल, बहुधा फोटोपुरता कुणाचा तरी मागून आणलेला. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच बसवलेल्या माणसाला भीती वाटावी, तसा बघत होता. बाबांचे स्वतःचे केस तोवर कानांवर पांढरे झाले होते. बराच वेळ गेल्यावर ते मराठीत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “अरे, हे तर पोरगं आहे.”

निगम सरांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी हवेत हलणारी बोटं खाली घेतली आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आम्ही जेवूनच निघालो; न जेवता कुणी सोडलंच नसतं. बड़ी अम्मींनी लोणच्याची बरणी बांधून दिली, ख़ाँ साहब तिथे आता लावलेल्या स्वतःच्या तसबिरीखाली जरा अवघडून बसले होते. परतताना बाबांनी अण्णांना टपावर बांधू दिलं नाही. मांडीवर आडवं घेऊन, दोन्ही हातांनी चौकट धरून बसले. ड्रायव्हरची काच आता खाली अडकली होती, तिन्हीसांजेचा गार वारा सरळ मागे येत होता. खड्डा आला की बाबा म्हणत, “भैया, ज़रा धीरे.” काकोरी मागे पडल्यावर त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि चित्रावर, छातीपासून टोपीपर्यंत, नीट पांघरला, चेहऱ्यापाशी थोडी फट ठेवून.

“अहो,” आई म्हणाली, “तुम्हालाच थंडी बाधेल.”

“मला सवय आहे,” बाबा म्हणाले, आणि मफलरचं टोक चौकटीखाली खोचून त्यांनी त्यावर हात ठेवला.